चौथ्या पायरीवर

"चार," शकू म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.

धर्माजीला आधी वाटलं, ती सुपातले खडे मोजतेय. म्हणून त्याने प्रश्न पुन्हा वाचला, छापला होता तसाच, कारण सूचनापुस्तिकेच्या तिसऱ्या पानावर सक्त ताकीद होती: 'प्रश्न जसाच्या तसा वाचावा, पदरची भर घालू नये.' मांडीवरच्या कागदावर शिडीचं चित्र होतं. दहा पायऱ्या. सगळ्यात वरची पायरी म्हणजे आपल्याला लाभू शकेल असं उत्तमातलं उत्तम आयुष्य, आणि सगळ्यात खालची म्हणजे वाईटातलं वाईट. 'सध्या आपण कोणत्या पायरीवर उभ्या आहात, असे आपणांस वाटते?' परळच्या चाळीतली रविवारची सकाळ होती, आणि सोमवारी फिरतीवर निघण्यापूर्वी घरोघर जाऊन हे प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येक गणकाने घरच्या कुणावर तरी तालीम करायची होती. तालमीला घरची बायको बरी, या हिशेबाने धर्माजीने शकूला समोर बसवलं होतं. खरं सांगायचं तर वेळ वाचावा म्हणून त्याने तिच्या उत्तराच्या चौकटीत पेन्सिलीने पुसटसा सात आधीच लिहून ठेवला होता. "सांगितलं की, चार," शकू म्हणाली. "आणि पाच वर्षांपूर्वी आपण कोणत्या पायरीवर होता?" "सहा." तिला विचार करावा लागला नाही, याचंच त्याला जास्त लागलं. "आणि आजपासून पाच वर्षांनी?" शकूने एक दाणा बोटांच्या चिमटीत धरून उजेडात पाहिला, तो खडाच निघाला, तिने तो बाजूला टाकला आणि म्हणाली, "ते मी कसं सांगणार? ते तुमच्यावर आहे." धर्माजीने चौकटीत 'निरुत्तर' लिहिलं.

का, हे विचारायची सोय नव्हती. त्याच तिसऱ्या पानावर पुढे लिहिलं होतं, की उत्तरावर उलट प्रश्न करू नये, आश्चर्य, हर्ष किंवा खेद चेहऱ्यावर दिसू देऊ नये. धर्माजीने ते नियम स्वतःच्या स्वयंपाकघरात पाळले. आश्चर्य गिळलं, खेद गिळला, हर्षाचा प्रश्नच नव्हता. उरलेले एकोणचाळीस प्रश्न त्याने सपाट आवाजात वाचले, आणि शकूने भात वैरता वैरता त्यांची उत्तरं दिली. झोप बरी लागते, भूक लागते, शेजाऱ्यांशी बोलणं आहे, हसू येतं. म्हणजे सगळं ठीक होतं आणि एकूण चार होतं. रबराने सात खोडताना कागद फाटला. ताट वाढून ठेवताना शकू नेहमीसारखीच होती, चटणी नेहमीच्याच जागी होती, आणि चारावर उभी असलेली बाई आपल्याला आमटी वाढतेय या विचारात त्याने चटणीला हातही लावला नाही. बारा वर्षांत आपली बायको सुखी आहे की नाही, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. विचारलं ते सरकारी भाषेत, आणि उत्तर आकड्यात आलं.

धर्माजी शिगवण मूळचा माणगावकडचा, भातशेतीवाल्या घरातला, पण अक्षर सुरेख म्हणून मुंबईत टिकला. आरोग्य-पाहणीच्या ज्या केंद्रात तो गणक होता, तिथल्या साहेबांनी आधी दहा वर्षं आजार मोजले होते: खरूज किती, हिवताप किती, डोळे आलेले किती. मग त्रेसष्ट साली एका सकाळी साहेबांच्या मनात आलं, की आजार नाही म्हणजे माणूस सुखात आहे असं थोडंच? सुख ही वेगळी चीज आहे, ती स्वतंत्र मोजली पाहिजे. साहेब भला माणूस होता आणि त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं. गणकांच्या शिकवणीत प्रत्येकाला स्वतःचा तक्ता भरायला लावला, तेव्हा साहेब पाठीमागे हात बांधून फेऱ्या मारत होते, त्यामुळे झाडून सगळे गणक आठव्या पायरीवर निघाले. धर्माजीनेही आठ लिहिलं, पण त्याचं आठ खरं होतं. त्याला ते लिहिताना बरं वाटलं होतं. नोकरी मनाजोगी, खोली स्वतःची, बायको शहाणी, कशाला नाही म्हणत नाही. आता लाँचमध्ये बसून धरमतरकडे जाताना तो हिशेब घालत होता: पाच वर्षांत दोन पायऱ्या, म्हणजे अडीच वर्षांना एक. याच गतीने गेलं तर दहा वर्षांनी शकू जमिनीवर. तेव्हा आपण पन्नाशीत असू, अजून आठवर. वरून खाली बोलायचं म्हणजे ओरडावं लागेल.

फिरतीसाठी वाडी निवडायची वेळ आली, तेव्हा त्यानेच हात वर करून सांगितलं होतं, की श्रीवर्धनच्या अलीकडे माझी सासुरवाडी आहे, चाळीस घरं आहेत, लोक ओळखीचे आहेत, खरं बोलतील. हा विचार किती फसवा होता, हे एस.टी.तून उतरून सुपारीच्या बागांमधल्या वाटेने चालताना पहिल्या दहा मिनिटांत कळलं. जावई आला म्हणजे अख्ख्या वाडीचा आला. पहिल्याच ओटीवर बुधाजी बसला होता. हा बुधाजी पायात दोरीचा फास अडकवून एका सुपारीवर चढायचा, शेंडा झोकून दुसऱ्या सुपारीवर जायचा आणि अर्धी बाग उतरवूनच जमिनीवर यायचा. धर्माजीने तक्ता काढला. बुधाजीने तो हातानेच खाली दाबला. "ता ऱ्हाऊ दे. आदी सांगा, आमची शकू कशी हाय?"

"मजेत आहे," धर्माजी म्हणाला.

"मंग झालं. आता इचारा काय इचारायचं ता."

"सकाळी उठल्यावर आपणांस प्रसन्न वाटते काय? नेहमी, बहुधा, क्वचित, कधीच नाही."

"मला कशाला वाटाया पायजे?" बुधाजी खरोखर गोंधळला. "सकाळी म्हशीला वाटाया पायजे. तिला न्हाय वाटलं तर दूध देत न्हाय." धर्माजीने बुधाजीच्या नावावर 'बहुधा' लिहिलं, म्हशीचं गृहीत धरून. मग शिडीचं चित्र दाखवलं. बुधाजीने ते उलटसुलट करून पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर जरा अपमान झाल्यासारखं दिसलं. "शिडी बायांची. आमी शिडीवर चढत न्हाय. ठमाबाईला इचारा." आतून त्याची बायको हात पुसत बाहेर आली, चित्र बघून म्हणाली, "ह्ये घरी असतात ना सध्या? मंग सात." आणि लगेच, "आन शकू काय म्हनते? सुखात हाय ना पोर?" "मजेत आहे," धर्माजी म्हणाला.

असं चाळीस घरं चाललं. पाच दिवस. त्याला वाटत होतं की तो वाडीचं सुख मोजतोय, पण वाडी त्याच्याकडून शकूचं मोजून घेत होती, आणि तेही तालीम न करता. येसाजी गावकराने ओटीवर घोंगडी अंथरून विचारलं, भागुबाईने तांब्या हातात देता देता विचारलं, सगुणाने तर धर्माजी उंबऱ्याच्या बाहेर असतानाच विचारलं. शकूला लहानपणी खांद्यावर घेतलेले हात होते ते, त्यांचा तो हक्कच होता. आणि दर वेळी धर्माजी म्हणे, मजेत आहे. तिसऱ्या दिवसापर्यंत त्या शब्दाची चव त्याच्या तोंडात शिळ्या भाकरीसारखी झाली. प्रश्न जसाच्या तसा विचारावा हा नियम वाडीने न वाचताही पाळला होता, आणि उत्तर देणारा मात्र धडधडीत खोटं बोलत होता. खिशातल्या घडीत शकूचा तालमीचा तक्ता होता, फाटक्या चौकटीसकट. तो त्याने का आणला होता, हे त्यालाही सांगता आलं नसतं. उगाच हात खिशाकडे जाई. साहेबांना सगळ्यात जास्त राग कशाचा, तर मुद्दाम चुकीच्या दिलेल्या उत्तराचा. ते म्हणत, एका खोट्या आकड्याने साऱ्या तालुक्याची सरासरी नासते.

आणि मग ते चार. पहिल्या दिवशी सगुणाने चार सांगितलं तेव्हा तो दचकला. शकूचाच आकडा, तोही असाच पटकन, हातातलं काम न थांबवता. दुसऱ्या दिवशी आवडाबाईने चार सांगितलं, तिच्या सुनेने चार सांगितलं, पलीकडच्या येसूबाईने चार. जणू वाडीतल्या बायकांनी विहिरीवर बसून ठरवलं होतं. सगळ्याच बायका चार म्हणत नव्हत्या. ठमाबाई सातवर होती, भागुबाई सहावर. पण चारच्या खाली कुणी नाही, पाचवर कुणी नाही. हसत्या-खिदळत्या, दोन म्हशी असलेल्या आवडाबाईचे चार, आणि दिवसभर खोकणाऱ्या नवऱ्याची उस्तवार करणाऱ्या भागुबाईचे सहा. धर्माजी रोज संध्याकाळी सासूच्या ओटीवर बसून तक्ते पालथे घाली. शिकलेल्या माणसासारखा त्याने वयाशी मेळ घातला, मुलांच्या संख्येशी घातला, घराच्या कौलांशी घातला. शेवटी चौथ्या दिवशी त्याला दिसलं, की चार सांगणाऱ्या बारा जणींपैकी बाराही जणींचे नवरे मुंबईत होते. गिरणीत, गोदीत, कुठं ना कुठं. आणि सहा-सात सांगणाऱ्यांचे नवरे घरी होते, खोकत का होईना. हे कळल्यावर त्याला पहिल्यांदा शोध लावल्याचा आनंद झाला, आणि त्यामागोमाग खिशातला तक्ता आठवला. शकूचा नवरा कुठं होता? शकूचा नवरा परळच्या खोलीत, तिच्यापासून चार हातांवर, रोज तक्ते घेऊन बसलेला होता.

शेवटचं घर सासूचं. मनुबाई सत्तरीला आली होती, पण घरामागच्या बागेत सुपारीवर चढवलेल्या मिरवेली ती अजून स्वतःच उतरवायची. माघ महिना, मिरीचे घोस काळे-हिरवे भरलेले. पाचव्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर धर्माजी तक्ता घेऊन मागे गेला, तेव्हा ती बांबूच्या शिडीवर उभी होती आणि कमरेला बांधलेल्या ओटीत मिरी तोडून टाकत होती. सुपारीचं खोड ते केवढं, आणि समुद्राकडून वारा आला की झाड डुले, झाडाबरोबर शिडी डुले, आणि शिडीबरोबर मनुबाई. वरचे घोस तिच्या हातापासून वीतभर लांब होते. ती वर जात नव्हती.

"जावयबापू, आलात त्ये बरं झालं. जरा धरा शिडी."

"एक मिनिट हां," धर्माजी म्हणाला, कारण एका हातात तक्ते होते, दुसऱ्या हातात पेन्सिल, आणि तक्त्यांना ओल लागता कामा नये. तो कोरडी जागा शोधू लागला. मनुबाई तशीच उभी राहिली. घाई केली नाही. बरीच वर्षं घाई न केलेलं माणूस जसं उभं राहतं तशी. शेवटी त्याने तक्ते दगडाखाली ठेवले, पेन्सिल कानावर अडकवली आणि एका हाताने शिडी धरली.

"दोनी हातांनी."

त्याने दोन्ही हातांनी धरली. तशी मनुबाई लुगडं सावरून झरझर दोन पायऱ्या वर गेली, आणि वरचे घोस पटापट ओटीत पडू लागले. "हां, आता इचारा तुमचं काय ता. सगळ्या वाडीला इचारलंत, म्हातारीला न्हाय."

धर्माजीला प्रश्न पाठ होता. "सध्या आपण कोणत्या पायरीवर उभ्या आहात, असे आपणांस वाटते?"

"वाटतंय काय त्यात? सा."

"नाही, म्हणजे ही शिडी नव्हे हो. आयुष्याची."

"त्येच सांगत्ये. सा. काल इचारलं असतंत तर चार सांगितलं असतं."

धर्माजीने मान वर केली. तिसरं पान त्याच्या डोळ्यांसमोर आलं आणि गेलं. "चार का?" त्याने विचारलं. पाच दिवसांत, चाळीस घरांत, हा शब्द त्याने पहिल्यांदा उच्चारला होता.

"आता काय सांगावं तुमाला!" मनुबाई वरून हसली. "शिकलात येवढं आन ह्ये ठावं न्हाय? न धरल्या शिडीवर चवथीच्या वर चढायचं न्हाय. चवथीवरनं पडलं तर माणूस खरचटतं, पाचवीवरनं पडलं तर मोडतं. बागंतल्या पोरींना आदी ह्ये शिकवतो, मंग मिरी तोडाया. धरणारा आसंल तर शेंड्यापावत जावं. नसंल तर चवथीवर ऱ्हावं, हाताला येईल तेवढं तोडावं आन गप घरला यावं. त्यात वाईट काय न्हाय. पोट भरतं."

बारा बायकांचे बारा चार धर्माजीच्या डोक्यात एकदम जागेवर बसले. त्या दुःखी नव्हत्या. त्या नेमाने वागत होत्या. धरणारे मुंबईला होते, म्हणून त्या चौथीवर थांबल्या होत्या आणि हाताला येईल तेवढं तोडत होत्या. आणि शकू याच बागेतली पोर. तिने परळच्या खोलीत सुपावरून मान वर न करता सांगितलं होतं, की पाच वर्षांपूर्वी सहा होतं, आता चार आहे. पाच वर्षांपूर्वी काय झालं होतं, हे त्याला आता हुडकावं लागलं नाही, ते आपणहून येऊन उभं राहिलं. त्याने गिरणीच्या कचेरीतली कायमची नोकरी सोडली होती, ही गणकाची हंगामी नोकरी धरण्यासाठी, आणि घरी सांगितलं नव्हतं. सांगू सांगू म्हणता पंधरा दिवस गेले. शकूला ते नळावर शेजारच्या गोदूकडून कळलं. त्या संध्याकाळी ती काहीच म्हणाली नाही. ताट वाढलं, चटणी जागेवर ठेवली. धर्माजीने ते गप्प राहणं होकाराच्या चौकटीत टाकलं आणि मोकळा झाला. वर चारचौघांत सांगत सुटला, की आमच्या शकूचं कशालाच काही म्हणणं नसतं. तेव्हा ती सहाव्या पायरीवर होती आणि खाली शिडी सोडून कुणीतरी निघून गेलं होतं. ती ओरडली नाही. दोन पायऱ्या बेताने उतरली आणि तिथं उभी राहिली, पाच वर्षं. आणि तो स्वतः आठव्या पायरीवर गार वारा खात होता. आपली शिडी इतकी कशी हलत नाही, खाली कोण आहे, हे त्याने एकदाही वाकून पाहिलं नव्हतं. त्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"हलवू नका! हलवू नका!" मनुबाई वरून ओरडली. "ध्यान कुटं हाय तुमचं?"

"चुकलं," धर्माजी म्हणाला आणि शिडीला छाती टेकवली.

मिरीचे दोन-चार दाणे त्याच्या डोक्यावर पडले. मग मनुबाईने तो प्रश्न विचारला, जो तिने पाच दिवस जेवायला वाढताना, पाणी तापवून देताना विचारला नव्हता. सगळ्या वाडीला विचारू दिलं होतं आणि स्वतः थांबली होती. "शकू कशी हाय?"

त्याच्या तोंडात मजेत आहे आलं होतं. ते एकोणचाळीस वेळा बोलून इतकं गुळगुळीत झालं होतं, की आपोआप सुटलंच असतं. "चार म्हणाली," धर्माजी म्हणाला.

वारा आला. सुपारी डुलली. त्याने शिडी आणखी घट्ट धरली.

"आन तुमी घरीच आसता न्हवं?" मनुबाईने विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, नुसती विचारपूस होती.

"हो," तो म्हणाला. "घरीच असतो."

"बरं," मनुबाई म्हणाली. "धरा. उतरत्ये मी." निघताना तिने वाळवलेल्या मिरीची पिशवी त्याच्या हातात दिली. शकूसाठी काही निरोप दिला नाही.

भाऊच्या धक्क्यावर उतरून धर्माजी आधी केंद्रात गेला, कारण तक्ते त्याच सकाळी द्यायचे होते. साहेबांनी वरवर नजर टाकली, खुशीत आले, आणि त्यांच्या सहायकाने तिथल्या तिथे सरासरी काढली: पाच पूर्णांक दोन. "मध्यम," साहेब म्हणाले. "किनाऱ्यावर सुख मध्यम आहे. वाटलंच होतं. खारी हवा." धर्माजीने चाचरत सांगितलं, की साहेब, एक रकाना राहिलाय. शिडी कुणी धरली आहे, हा. साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी प्रश्नाचा खरोखर विचार केला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. "पण शिगवण," ते म्हणाले, "चित्रात धरणारा काढलेला नाही." "नाही साहेब," धर्माजी म्हणाला. "तेच म्हणतो." मग त्याने खिशातला शकूचा तालमीचा तक्ता काढला, 'निरुत्तर' खोडलं, आणि तिथं तिचे शब्द जसेच्या तसे लिहिले: ते तुमच्यावर आहे. तो तक्ता त्याने साहेबांना दिला नाही, पुन्हा खिशात घातला.

घरी पोहोचला तेव्हा दुपार झाली होती. शकूने पाणी दिलं, पिशवीचं तोंड सोडून वास घेतला आणि तिचा चेहरा एवढा उजळला, की गेल्या रविवारी असा उजळला असता तर ती सात म्हणाली असती, असं त्याच्या मनात आलं. पण त्याला आता असल्या हिशेबांचा भरवसा उरला नव्हता. "आई बरी आहे?" "बरी आहे. सहावर आहे," तो म्हणाला. शकूने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग तिने मिरी बरणीत भरली आणि माळ्यावर ठेवायला शिडी लावली. भिंतीला टेकवायची लाकडी शिडी, सातच पायऱ्यांची, या खोलीत बारा वर्षं होती. ती चढली. एक, दोन, तीन, चार. चौथीवर थांबली आणि तिथूनच, टाचा उंचावून, हात ताणून बरणी वर सरकवू लागली. ती नेहमी असंच करायची. पापडाचा डबा, दिवाळीच्या पणत्या, त्याचे जुने तक्ते, सगळं ती असंच ताणून ताणून वर ठेवायची, आणि तो खाली बसून म्हणायचा, अगं, एक पायरी वर चढ की.

धर्माजी उठला आणि त्याने शिडी धरली. दोन्ही हातांनी.

शकूने खाली पाहिलं नाही. बरणी हातात घेऊन ती तशीच उभी राहिली, बराच वेळ, खात्री करून घेतल्यासारखी. त्याला वाटलं, काहीतरी बोलावं. गिरणीचं बोलावं, नळावरचं बोलावं, त्या पंधरा दिवसांचं बोलावं. "शकू," तो म्हणाला, "त्या वेळी मी तुला सांगायला हवं होतं."

"हो," शकू वरून म्हणाली. "हवं होतं." आणि तिने पाचव्या पायरीवर पाय ठेवला. पायरी करकरली. मग सहाव्या. माळ्यावर बरणी सरकवल्याचा आवाज आला, मग कुठलीतरी जुनी पेटी ओढल्याचा, मग तिचं शिंकणं. "इथं किती पसारा आहे हो," ती म्हणाली. "आता आलेच आहे तर आवरूनच उतरते. वेळ लागेल. धराल ना?"

"धरतो."

मान मागे टाकून वर पाहायला गेला, तशी त्याच्या कानावरची पेन्सिल निसटली आणि घरंगळत पलंगाखाली गेली. त्याने ती जाऊ दिली.

"काय पडलं?" शकूने विचारलं.

"काही नाही," धर्माजी म्हणाला. "तू आवर."

तो संध्याकाळपर्यंत तसाच उभा होता.